पडवळबाईंचा गुडघा

आमच्या सांधे विभागात चौदा खाटा होत्या. शस्त्रक्रियागृहं दोन, हाड घासणारे यंत्रहात दोन, सर्जन तीन, भूलतज्ज्ञ दोन, त्यातल्या एक आठवड्यातले तीन दिवस बार्शीला. फिजिओथेरपिस्ट चार. वॉकर एकोणीस, पैकी चारही पाय शाबूत असलेले अकरा. आणि प्रतीक्षायादीत तीन हजार एकशे बारा गुडघे. माणसं त्याहून कमी होती, कारण बहुतेकांचे दोन्ही गुडघे यादीत होते.

मी २०३१ च्या उन्हाळ्यात धाराशिवच्या येडशी रस्त्यावरच्या या रुग्णालयात नोकरीला लागले. बायोमेकॅनिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्या माणसाला आमच्या गावात काम मिळेल असं घरात कोणालाच वाटलं नव्हतं. हुद्दा होता 'गतिवाचक'. हा शब्द तोपर्यंत शब्दकोशात नव्हता, त्यामुळे पहिले काही महिने मी काय करते हे आजोबा शेजाऱ्यांना 'ती जुन्या कॅसेटी बघते' एवढंच सांगत. ते खोटं नव्हतं.

रुग्णालयाची क्षमता खाटांमध्ये मोजायची पद्धत आहे. ती फसवी आहे. एक खाट एका गुडघ्यानं किती दिवस अडते, यावर खरी क्षमता ठरते. पूर्वी ती पाच दिवस अडायची. म्हणून विश्वस्तांनी आधी मागच्या मोकळ्या जागेत तीन मजले चढवायचा नकाशा काढला होता. तो नकाशा अजून अधीक्षकांच्या खोलीत गुंडाळून ठेवलेला आहे, कारण मध्येच गतिछाप आली.

गुडघा बिजागरीसारखा नसतो. मांडीचं हाड नडगीवर गोल फिरत नाही. ते थोडं गडगडतं, थोडं घसरतं. किती गडगडायचं आणि किती घसरायचं हे प्रत्येकाचं वेगळं असतं, काही हाडाच्या आकारामुळे, काही सवयीमुळे. लहान मेंदूला हा मार्ग पाठ असतो. जुने कृत्रिम सांधे चपलांसारखे ठरावीक मापांत येत. शस्त्रक्रिया उत्तम व्हायची, पण मेंदू पुढचे दोन-तीन महिने आपला जुना गुडघा शोधत राहायचा. त्या शोधण्यालाच आपण दुखणं, सूज, भीती आणि फिजिओथेरपी म्हणत होतो. नव्या पद्धतीत त्या माणसाचा मूळ मार्ग, म्हणजे त्याची गतिछाप, काढून सांध्याचा पृष्ठभाग त्याबरहुकूम छापतात. मेंदूला काही शोधावं लागत नाही. सकाळी आलेला माणूस संध्याकाळी स्वतःच्या पायांनी रिक्षात बसतो. खाटा तेवढ्याच राहिल्या आणि वर्षाला होणाऱ्या शस्त्रक्रिया तिप्पट झाल्या. त्याहून जास्त होईनात, कारण आता शस्त्रक्रियागृहं अपुरी पडत होती.

अडचण एकच होती. मूळ मार्ग काढायचा तर गुडघा निकामी व्हायच्या आधीचं चालणं-उठणं कुठेतरी चित्रित झालेलं हवं. ज्यांचं होतं, त्यांना महिन्याभरात तारीख मिळे. ज्यांचं नव्हतं, त्यांच्यासाठी जुना सांधा, जुने पाच दिवस आणि जुनी तीन वर्षांची यादी.

म्हणून कॅसेटी. मी लग्नांच्या शेकडो कॅसेटी पाहिल्या. त्यांत वरातीत नाचणारे पुरुष डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. बायका दिसतात त्या पाटावर बसलेल्या, ओवाळताना, किंवा पंगतीत वाढताना, तेही कमरेपर्यंतच. दिवसभर घरात त्याच चालत असणार, पण कॅमेरा त्यांच्याकडे वळायचा तेव्हा त्या थांबायच्या. आमच्या जलद यादीत दहातले आठ पुरुष होते.

आणखी एक किरकोळ त्रास होता. पुढे लागेल म्हणून आम्ही चाळिशीपुढच्या निरोगी माणसांच्या छापाही साठवायला लागलो होतो. चालायचं, जिना चढायचा, जमिनीवर उकिडवं बसून उठायचं. प्रणाली प्रत्येक नवी छाप जुन्यांशी ताडून बघायची आणि अधूनमधून दोन वेगळ्या बायकांच्या उठण्यावर 'एकच व्यक्ती' असा शेरा मारायची. एक आमच्याच रक्तपेढीतली ज्योत्स्ना वाकुरे, दुसरी तडवळ्याची ग्रामपंचायत सदस्य. नातं नाही, गोत नाही, उंचीत चार इंचांचा फरक. मी कॅमेऱ्यांची जुळणी पुन्हा केली, जमिनीवरच्या खुणा पुन्हा आखल्या. शेरे येतच राहिले. मी ते 'यंत्रदोष' म्हणून नोंदवून टाकायची.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पडवळबाई आल्या.

वैजयंता पडवळ, निवृत्त क्रीडाशिक्षिका, वय पासष्ट. आमच्या शाळेच्या मुलींना त्यांनी पस्तीस वर्षं खो-खो शिकवला. मी त्यांच्या शेवटच्या तुकड्यांपैकी. त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात नसीमखालाच्या खांद्यावर. नसीम शेख त्यांच्याच वयाची, त्यांच्या संघातली, आणि गेली चाळीस वर्षं त्यांच्या घरासमोर शिवणकाम करणारी. खरं तर नसीमखालाचेही दोन्ही गुडघे यादीत होते. कोण कोणाला आधार देतंय हे दारातून कळत नव्हतं.

"तू ती तन्मयी ना? गुण लिहायचीस ती?" बाईंनी चष्मा वर केला.

"हो बाई."

"पळता यायचं नाही तुला."

"अजून येत नाही."

"असू दे. गुण बरोबर लिहायचीस."

"आता हिचे गुण लिही," नसीमखाला खुर्चीत बसत म्हणाली. "जिल्हाभर पोरी पळवल्या, न् स्वतः संडासात जायचं तर मला हाक मारते."

"तू तर जशी लंगडी घालत येतीस," बाई म्हणाल्या.

आमच्या तीन सर्जनांपैकी डॉ. लोमटेंनी सकाळीच स्कॅन पाहिला होता. बाईंचा उजवा गुडघा बासष्ट अंशांपर्यंत वाकत होता. आतलं हाड वेगानं झिजत होतं. सहा महिन्यांत सांधा बसवला तर छापील पृष्ठभागाला पुरेसं हाड मिळेल, त्यानंतर मात्र जुन्या पद्धतीचा जाड सांधा, जो नव्वद-पंचाण्णवच्या पुढे जात नाही. खुर्चीत बसायला तेवढं पुरतं. हे मी बाईंना सांगितलं.

"खुर्चीत बसायला गुडघा कशाला बदलू?" बाई म्हणाल्या. "खुर्चीत तर आत्ताही बसतेच की. रोज संध्याकाळी मैदानावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते. नवीन पोरी फोनातलं बघून शिकतात. खो मिळाला की सगळ्या हात टेकून उठतात, म्हाताऱ्यांसारख्या. मी म्हणते, अशा नाही गं. मग कशा, म्हणतात. आता कशा ते खुर्चीवरून कसं सांगू? सांगून येतंय व्हय ते? बसून उठून दाखवावं लागतंय."

बाईंचे गुडघे चाळिशीतच बिघडले होते. आमच्या मैदानावर तेव्हा मॅट नव्हती, मुरूम होता. मी शाळेत गेले तोवर त्या उभ्यानं शिटीच वाजवत होत्या. त्यांना बसून उठताना मी कधी पाहिलेलं नव्हतं. आणि घराघरांत व्हिडिओ काढणारे फोन आले तेही बाईंचे गुडघे गेल्यावर.

नसीमखालानं पिशवीतून कॅसेट काढली. शिलाई मशीनच्या खणात ठेवल्यामुळे तिला तेलाचा वास येत होता. वर बॉलपेननं लिहिलं होतं: 'राज्य स्पर्धा अंतिम, उस्मानाबाद मुली, १९८७.' दिगंबर शूटिंगवाल्यानं मुंजी-लग्नांसाठी नवा कॅमेरा घेतला होता आणि हौसेनं संघाबरोबर गेला होता.

कॅसेटवरची बुरशी काढून ती संगणकावर चढवायला आठवडा गेला. मग दोघींना बोलावलं, कारण नियमाप्रमाणे रुग्णानं आणि एका साक्षीदारानं पडद्यावरची व्यक्ती ओळखून सांगावी लागते.

दिगंबरनं सामना लग्नासारखाच चित्रित केला होता. आधी पाहुण्यांचे हार. मग नारळ. मग पाहुण्यांच्या बायकांचे हार.

"अजून नारळच फोडतोय," नसीमखाला म्हणाली.

"फुटंना तो. आठवतंय? शेवटी सरांनी फोडला."

"हा बघ, फुगेवाला. फुगेवाल्याला दाखवतोय, न् आम्ही तिकडं मरायला लागलोय."

मग मैदान आलं. दोन खांब, मधली पट्टी, आठ चौकोनांत आठ मुली उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, आणि नववी पाठलाग करणारी. आखूड चड्ड्या, जर्सीवर हातानं शिवलेले आकडे, दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनी. बाईंनी हात पुढे करून पडद्यावर एकेका मुलीवर बोट ठेवलं. "मालन. सुशी. ही विजू, गेली बिचारी. ही इंदू." नसीमखाला प्रत्येक नावाला मान हलवत होती.

सहा नंबरची मुलगी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसली होती आणि तिला सारखा खो मिळत होता. उठताना ती उजव्या हाताची बोटं जमिनीला निसटती लावायची. गुडघा स्वच्छ दिसत होता. मला अशी छाप वर्षात एखादीच मिळते. मी चित्र थांबवलं.

"सहा नंबर कोण?"

"वैजू," नसीमखाला ताबडतोब म्हणाली. "सहा नंबर कायम वैजूचाच. कुणालाही विचार, ट्रॉफीसोबतच्या फोटोत पण आहे."

मी बाईंकडे पाहिलं. त्या पडद्याकडे पाहत होत्या.

"बाई?"

"हं," बाई म्हणाल्या.

मी नोंद केली. तारीख मिळाली, पुढच्या महिन्याची.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई एकट्या आल्या. रिक्षातून उतरून माझ्या खोलीपर्यंत यायला त्यांना किती वेळ लागला असेल याचा मला अंदाज आहे. काठी टेबलाला टेकवून त्या म्हणाल्या, "ती मी नाही. नसीम आहे."

मी कालची नोंद उघडली.

"उपांत्य सामना पुण्याच्या सरांनी वहीत लिहून घेतलेला. सहा नंबर कशी उठते, कुठं वळते, सगळं. आमच्या सरांना कळलं. मी न् नसीम एका उंचीच्या, एका बांध्याच्या. सर म्हणाले, जर्सी बदला. तिनं माझा सहा घातला, मी तिचा चार. पुण्याच्या पोरी नसीमला मी समजून पळत होत्या, न् मागनं मी त्यांना धरत होते. नियमात बसत नव्हतं, म्हणून सरांनी तुळजाभवानीची शपथ घातली की कुठं बोलायचं नाही. नसीमनं पण घेतली."

"मग काल..."

"कालचं विचारलं तर ती म्हणेल, शपथ पाळली." बाई किंचित हसल्या, मग थांबल्या. "न् मी गप्प बसले. घरी गेले. मनात म्हणलं, नसीमचा तर नसीमचा, तिचा गुडघा काय वाईट होता? मग सकाळी खिडकीतनं बघितलं, तर ती मशीनवरनं उठत होती. दोन्ही हातांनी टेबल धरून. तिच्या उठण्यावर मी माझी तारीख घेतलीय."

मी नसीमखालाला बोलावून घेतलं. आल्या आल्या तिनं बाईंकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"शपथ मोडलीस? पंचेचाळीस वर्षं मी पोटात ठेवली!"

"तुझ्या पोटात काय राहतंय ते मला माहीत आहे."

"ए पोरी, तू ऐक," नसीमखाला माझ्याकडे वळली. "माझं काम मशीनवर, मशीनला खुर्ची असते. मला सरळ चालता आलं तरी बास, तीन वर्षांनी येऊ दे. हिला सहाच महिने आहेत. गुडघा म्हणजे गुडघा. हिच्यात बसव जा."

तेव्हा मला त्यांना समजवावं लागलं की गुडघा म्हणजे गुडघा नसतो. नसीमखालाच्या मार्गावर छापलेला सांधा बाईंच्या पायात वाकला असता, मोडला नसता. पण बाईंचा मेंदू प्रत्येक पावलाला आपला मार्ग शोधत राहिला असता आणि समोर दुसराच मार्ग ठामपणे उभा असता. साध्या सांध्याला सवय तरी नसते, तो हळूहळू वळवून घेता येतो. दुसऱ्याची सवय घातलेला सांधा वळत नाही. त्यापेक्षा काठी बरी.

नसीमखालानं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "या अल्ला," ती म्हणाली. "मी हिला आयुष्यभर दुखणं दिलं असतं."

"दिलंसच की. आठवीपासून," बाई म्हणाल्या. "आता ऐक. तारीख तुझी आहे. तू जाणार. नाही गेलीस तर मी माझं नाव सगळ्याच याद्यांतनं काढते."

"आणि तू?"

"मी खुर्ची टाकून बसते की."

चार नंबरची मुलगी मी मग फ्रेमगणिक शोधली. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली होती आणि तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये एका पाहुण्याचा फेटा होता. सामनाभर होता. फक्त एकदा त्या गृहस्थांनी पाण्याचा पेला घ्यायला मान वळवली, आणि त्या दीड सेकंदात बाई उठताना दिसतात. बसलेल्या असताना गुडघ्याचा कोन एकशे त्रेचाळीस अंश. त्या हात टेकवत नाहीत. त्या खरं तर उठतच नाहीत. त्या पुढे पडतात, आणि पडता पडता पाय खाली येऊन उभा राहतो. मी ते दीड सेकंद पुन्हा पुन्हा पाहिले. सांधा छापायला निदान चाळीस सेकंदांचं चित्रण लागतं.

नसीमखालाची शस्त्रक्रिया सप्टेंबरमध्ये झाली. संध्याकाळी ती वॉकर न घेता मार्गिकेच्या टोकापर्यंत जाऊन आली. बाई बाकावर बसून बघत होत्या. नसीमखाला वळली तेव्हा तिनं नकळत उजव्या हाताची बोटं खाली सोडली, जमिनीला लावावीत तशी.

"बघ, बघ," बाई मला म्हणाल्या. "तीच आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता. मला बाकावर बसवेना. तेवढ्यात समोरून रक्तपेढीतली ज्योत्स्ना ट्रे घेऊन येत होती. एक बाटली घरंगळली. ज्योत्स्ना उकिडवी बसली, बाटली उचलली आणि उठली. म्हणजे, पुढे पडली आणि पाय खाली आला.

मी माझ्या खोलीत गेले आणि 'यंत्रदोष' नावाखाली टाकलेल्या सगळ्या जोड्या काढल्या. नऊ बायका होत्या. एकेकीला फोन केला. हाडांबद्दल, आजारांबद्दल काहीच विचारलं नाही. शाळा कुठली, एवढंच विचारलं.

तडवळ्याच्या सदस्य म्हणाल्या, "म्हणजे? पडवळबाईंची."

डॉ. लोमटे संशयी माणूस आहेत. म्हणूनच ते चांगले सर्जन आहेत.

"आठ-नऊ बायकांची सरासरी काढली म्हणजे बाई होत नाहीत," ते म्हणाले.

"सरासरी नाही सर. हाडं आपल्याला बाईंची हवीत, ती स्कॅनमध्ये आहेत. हरवली आहे ती सवय. या प्रत्येकीच्या उठण्यातून तिची हाडं, तिची उंची, तिचं वजन वजा करायचं. मग सगळ्यांत समान जे उरतं ते."

"ते बाईंचं कशावरून? खो-खोचं असेल. सगळेच खेळाडू तसे उठत असतील."

हा प्रश्न बरोबर होता. मी लातूरच्या एका शाळेच्या माजी खेळाडूंच्या छापा मागवल्या. त्यांच्यात जे होतं तेही वजा केलं. तरी उरलं.

"आणि पडताळा?"

"दीड सेकंद आहे," मी म्हणाले. "सांधा बनवायला तो पुरत नाही. तपासायला पुरतो."

ते थोडा वेळ पेन फिरवत राहिले. "नीट छायाचित्रण करा. प्रयोगशाळेत नाही, मैदानावर. माणसं जिथं शिकली तिथं ती जास्त खरी वागतात."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आठजणी शाळेच्या मैदानावर जमल्या. एक पुण्याहून रात्रीच्या बसनं आली होती, एकीनं सुनेला सोबत आणलं होतं, नववी बाळंतिणीकडे अडकली. मॅट गुंडाळून ठेवली आणि खालच्या मुरमावर चुन्यानं चौकोन आखले. बाई खुर्चीत, गळ्यात शिटी. नसीमखाला त्यांच्या शेजारी उभी, बसायला तयार नव्हती. "उभं राहायची हौस भागवून घेते," म्हणाली.

बायका आधी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मग एकमेकींच्या वजनावर घसरल्या, आणि मग बाईंनी शिटी वाजवल्यावर कोणी न सांगता आपापल्या चौकोनात जाऊन बसल्या. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. कोणत्या चौकोनात कोण, हे त्यांना वीस-तीस वर्षांनी आठवत होतं. मी चार बाजूंना कॅमेरे लावले होते.

"उज्ज्वला, टाच टेकलीय!"

"बाई, अठ्ठेचाळीस वर्षांची आहे मी आता."

"मग? टाचेला वय असतंय का?"

"मला पहिल्यापासून असंच बोलायच्या," उज्ज्वला शेजारणीला म्हणाली. "ज्योत्स्नाला कधी नाही."

"ज्योत्स्ना ऐकायची," बाई म्हणाल्या. "उठ. पड पुढं. घाबरू नको, पाय येतोय आपोआप. मी म्हणते ना येतोय."

खो म्हणजे काय, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. शाळेत असताना मी गुण लिहीत होते. मागून पाठीवर थाप पडते, आणि बसलेली मुलगी कोणी थाप दिली हे न बघता पुढे पडते. त्या दुपारी आठ मध्यमवयीन बायका पंजाबी ड्रेसमध्ये आणि खोचलेल्या साड्यांमध्ये तशा पडत होत्या, आणि प्रत्येकीचा पाय येत होता.

गणित चार दिवस चाललं. शेवटी जो मार्ग उरला, तो मी बाईंच्या स्कॅनमधल्या हाडांवर चढवला, वय वीस केलं, आणि ती आकृती १९८७ च्या त्या दीड सेकंदावर ठेवली. फेटा वळतो. चार नंबरची मुलगी पुढे पडते. माझी आकृतीही पडते. दोघींचा पाय एकाच फ्रेममध्ये जमिनीला लागला. सगळ्या मार्गावर दोघींतला सर्वांत मोठा फरक दोन अंश होता.

डॉ. लोमटेंनी ते तीनदा पाहिलं. चौथ्यांदा पाहताना ते पडद्याकडे नाही, खिडकीबाहेर बाकांवर बसलेल्या बायकांच्या रांगेकडे बघत होते.

"या सगळ्यांची कॅसेट नाही," ते म्हणाले.

"नाही."

"पण मुली असतील."

"मुली आहेत. भाच्या आहेत. काहींनी शिवण शिकवलंय, काहींनी खुरपायला. ज्यांच्याकडून आपण चालायला शिकलो, त्यांचं थोडं आपल्यात असतंच. किती, ते मोजावं लागेल."

"मग मोजा," ते म्हणाले, आणि अधीक्षकांना फोन लावला.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आई ओट्याखालचा डबा काढायला खाली बसली होती. ती डावीकडे झुकून उठते. आजीही तशीच उठायची. मी किती वेळा ते पाहिलं असेल आणि कधीच पाहिलं नव्हतं.

बाईंची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. पहिले काही आठवडे त्यांना फक्त चालायला परवानगी होती, आणि चालण्याबद्दल त्या काहीच बोलत नव्हत्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "ठीक आहे. चालतंय." जणू तो दुसऱ्याच कोणाचा विषय होता.

जानेवारीत डॉ. लोमटेंनी परवानगी दिली. ते स्वतःही मैदानावर आले. शाळेच्या मुली आधीच आल्या होत्या आणि मॅटच्या कडेला ओळीनं उभ्या होत्या, अगदी शांत. बाईंनी ट्रॅकसूट घातला होता. त्यांनी चप्पल काढली, खुर्चीच्या पायाशी नीट जोडून ठेवली, आणि चौथ्या चौकोनात गेल्या.

"धरू का?" नसीमखालानं विचारलं.

"तू मागं जा."

बाई हळूहळू खाली गेल्या. अर्ध्यावर थांबल्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. नसीमखालाचा हात पुढे आला आणि हवेतच थांबला. मग बाई पुढे खाली गेल्या, टाचांवर नव्हे, चवड्यांवर, आणि बसल्या.

मी शेजारी जाऊन कोनमापक लावला.

"झालं का तुझं?" बाई समोर बघत म्हणाल्या.

"एक मिनिट, बाई."

"लवकर लिही. नसीम, तू तयार राहा. पोरींनो, पायाकडं बघा, माझ्या तोंडाकडं नाही."

मी आकडा लिहिला आणि बाजूला झाले. नसीमखालानं दोन पावलं टाकली, बाईंच्या पाठीवर थाप मारली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "खो!"

उजवा गुडघा, उकिडवं बसून: एकशे एकेचाळीस अंश.